विंडवर्ड बेटांचा केळी संघ म्हणजे सहकारी संस्था नव्हे

डोमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा या कॅरिबियनमधल्या विंडवर्ड बेटांच्या केळीबद्दल मराठीत काहीही वाचा, तिथल्या उत्पादक संघाला हमखास ‘शेतकऱ्यांची सहकारी संस्था’ म्हटलेलं असतं. इथेच चूक होते, आणि मग शेतकऱ्याच्या हाती इतकं कमी का पडायचं याचा उलगडाच होत नाही.

सहकारी संस्था आपल्याला नव्याने सांगायला नको. भाग घ्यायचा, एका सभासदाला एक मत, वाढावा सभासदांचा. बेटांवरच्या संघातही निवडणुका होत, खत उधारीवर मिळे, राजकारणही शिरे. एवढ्या साम्यावर लोक फसतात.

फरक मुळातच आहे. बहुतेक 1950 च्या दशकात उभ्या राहिलेल्या या संघांना निर्यातीच्या केळीची एकहाती खरेदी कायद्याने मिळाली. संघाला डावलून माल बोटीवर चढतच नसे. संचालक मंडळात सरकारनियुक्त माणसं बसत. चारही संघांची शिखर संस्था विनबॅन, आणि तिचा करार गीस्ट या ब्रिटिश कंपनीशी: निर्यातयोग्य केळी फक्त गीस्टला द्यायची, गीस्टनेही ती सगळी उचलायची.

खरी मेख दरात आहे. हिशेब ब्रिटनहून उलटा येई. तिथला हिरव्या केळीचा घाऊक भाव धरायचा, त्यातून जहाजभाडं आणि गीस्टचं कमिशन वजा करायचं. उरेल ते संघाला. संघ त्यातून करप्यावरच्या विमान फवारणीचा खर्च, खताची उधारी, विनबॅनची वर्गणी, कचेरीचा खर्च आणि पुढे वादळविम्याचा हप्ताही कापे. एवढं सगळं फिटल्यावर शिल्लक राही तो शेतकऱ्याचा दर. मधल्या प्रत्येकाचा खर्च आधी वसूल होई. तोटा तेवढा बागेपर्यंत येई.

त्यात चलनाचा घोळ. 1976 मध्ये पूर्व कॅरिबियन डॉलर पौंडापासून सोडवून एका अमेरिकी डॉलरला 2.70 या दराने बांधला गेला. केळी मात्र पौंडातच विकली जात राहिली. त्यामुळे ब्रिटनमधला भाव जागेवर असला, तरी पौंड घसरला की बेटावरचा दर पडे. ‘संघाने पैसे खाल्ले’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांनी हा भाग जरूर तपासावा. कारभाराच्या तक्रारी खोट्या नव्हत्या: 1993 मध्ये सेंट लुसियाचे शेतकरी संपावर गेले ते दरासाठी आणि स्वतःच्याच संघाच्या कारभाराविरुद्ध. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले.

1996 मध्ये विब्डेको या बेटांच्या केळी-विक्री कंपनीने फायफ्स या आयरिश कंपनीबरोबर गीस्टचा केळी व्यवसाय घेतला, तेव्हा ‘शेतकरी मालक झाले’ असं म्हटलं गेलं. विब्डेकोची मालकी सरकारं आणि संघांकडे होती. शेतकऱ्याच्या नावावर थेट काही आलं नाही.

सहकाराच्या जवळ जाणारी गोष्ट 2000 नंतर फेअरट्रेडच्या, म्हणजे उत्पादकाला रास्त दर देण्याची अट घालणाऱ्या प्रमाणपत्र व्यवस्थेच्या, शेतकरी गटांतून आली. तिथे किमान दर ठरलेला असतो आणि 18.14 किलोच्या पेटीमागे 1 अमेरिकी डॉलर अधिमूल्य, म्हणजे दरावर जादा रक्कम, मिळतं. हा बोनस नव्हे. ही रक्कम गटाच्या खात्यात जाते आणि कुठे खर्चायची हे सभासद मतदानाने ठरवतात. किमान दराचा आकडा वाचतानाही तो बागेवरचा आहे की बोटीवर चढवलेल्या पेटीचा, हे आधी पाहावं; बोटीवरच्या दरात खोकं, वाहतूक आणि बंदराचा खर्च धरलेला असतो.