लष्करी बिल्ल्याची पाठ

संग्रहालयात लष्करी टोपीचे बिल्ले नेहमी समोरून मांडतात. मुकुट, सिंह, तोफ, रणशिंग हे सगळं छान दिसतं, पण बिल्ला उलटा करून पाहू देत नाहीत याची मला मनापासून खंत वाटते. टोपी बदलली की बिल्ला अडकवायची सोय बदलते, आणि ती सगळी पाठीमागे नोंदलेली असते. ब्रिटिश सैन्याच्या बिल्ल्यांत हे फार स्पष्ट दिसतं.

1800 साली ब्रिटिश पायदळाला शाको ही उंच, कडक टोपी मिळाली. तिच्या पुढच्या बाजूला पितळी पत्र्याची मोठी पाटी असे. टोपीच ताठ असल्यामुळे अशी जड पाटी पेलणं तिला अवघड नव्हतं. पुढे 1878 मध्ये कापडाने मढवलेलं हेल्मेट आलं, 1881 च्या फेररचनेत पलटणींच्या क्रमांकांच्या जागी परगण्यांची नावं आली, आणि बिल्ले नव्याने घडवावे लागले. या काळातली नेहमीची पद्धत कड्यांची. बिल्ल्याच्या पाठीला तांब्याच्या जाड तारेच्या छोट्या कड्या डाख देऊन बसवत. हेल्मेटच्या बिल्ल्याला बहुधा तीन, ग्लेनगॅरी या स्कॉटिश टोपीच्या बिल्ल्याला दोन. कड्या भोकांतून आत घालायच्या आणि आतल्या बाजूने त्यांतून पितळी स्प्लिट पिन, म्हणजे दुहेरी पायांची चिमट्यासारखी पिन, सरकवायची. पकड घट्ट, पण बिल्ला काढायचा म्हणजे आधी पिन ओढून काढायची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडी घालता येणारी मऊ कापडी टोपी रुळली आणि तिच्याबरोबर स्लायडर आला. ही धातूची एक चपटी, अरुंद पट्टी. तिचं वरचं टोक बिल्ल्याच्या पाठीला डाख दिलेलं, खालचं मोकळं. डाखापाशी पट्टीला हलकासा बाक दिलेला असतो, त्यामुळे ती आणि बिल्ला यांच्यामध्ये कापडाच्या जाडीएवढी फट राहते. टोपीच्या कापडात चीर पाडायची, पट्टी तीतून खाली सरकवायची, की काम झालं. साध्या सैनिकाला बिल्ला घासून चकचकीत ठेवावा लागे. टोपीवर असतानाच घासला तर पॉलिश कापडाला लागून डाग पडत. स्लायडरमुळे तो एका झटक्यात हातात येऊ लागला. मला तर यात शिलाईखात्यापेक्षा बराकीतल्या माणसाची गरज जास्त दिसते.

तरीही कड्या संपल्या नाहीत. ग्लेनगॅरीवरच्या मोठ्या बिल्ल्यांना त्या पुढेही सोयीच्या ठरल्या. अधिकाऱ्यांच्या काळपट ब्राँझच्या बिल्ल्यांना बऱ्याचदा दोन मऊ पाती असत. ती कापडातून आत घालून दोन्ही बाजूंना दुमडायची. जर्मन आणि रशियन टोप्यांवरही अशीच दुमडायची पाती सर्रास दिसतात.

युद्धातल्या टंचाईनेही पाठ बदलली. 1916 मध्ये धातू आणि श्रम वाचवण्यासाठी दोन धातूंचे अनेक बिल्ले नुसत्या पितळेत काढले. त्याचा परिणाम मुख्यतः दर्शनी भागावर झाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र प्लॅस्टिकचे बिल्ले आले. प्लॅस्टिकवर डाख धरत नाही, म्हणून त्यांत धातूची दुमडायची पाती बसवली. वारंवार दुमडली की ती तुटतात, त्यामुळे अखंड पात्यांचा प्लॅस्टिक बिल्ला हाती लागला तर तो जपून ठेवावा. 1950 च्या दशकात अॅनोडाइज्ड, म्हणजे पृष्ठभागावर संरक्षक थर चढवलेलं, न काळवंडणारं अॅल्युमिनियम आलं आणि घासण्याची गरजच उरली नाही. स्लायडर मात्र टिकला. अमेरिकी सैन्यात टोपीवरचा गरुड मळसूत्राच्या दांड्याने आणि आतल्या फिरकीने आवळत, तर लहान बिल्ल्यांसाठी टोचणी आणि दाबून बसणारी चाप ही जोडी रूढ झाली.

संग्राहकांनी हा क्रम डोक्यात पक्का ठेवावा. व्हिक्टोरियाकालीन हेल्मेटच्या बिल्ल्यामागे स्लायडर दिसला, तर तो नंतर जोडलेला किंवा बिल्लाच अलीकडे नव्याने बनवलेला असण्याची शक्यता मोठी. मात्र नुसत्या कड्या दिसल्या म्हणून बिल्ला जुना ठरत नाही, नकला करणारेही कड्या लावतात. भिंगाखाली डाखाचा रंग पाहावा, कड्यांच्या आतली झीज पाहावी, आणि स्लायडरच्या आसपास काढून टाकलेल्या कड्यांच्या खुणा घासून बुजवल्यात का, हे बोट फिरवून तपासावं.