बिल झालं, पण टॅग जिवंतच

नव्या शर्टाला लटकवलेलं किमतीचं कार्ड खिडकीशी जाऊन उजेडात धरा. नुसता पुठ्ठा असेल तर काही दिसणार नाही. पण मागे जाडसर पांढरा स्टिकर असेल किंवा कार्ड दोन थरांचं असेल, तर आत चंदेरी नागमोडी रेघा दिसू शकतात. लांबी बोटाएवढी, मधोमध तारेचा छोटा वळसा आणि त्याच्या एका कडेला मोहरीपेक्षाही बारीक काळा ठिपका. रेघा म्हणजे ॲल्युमिनियमचा अँटेना, ठिपका म्हणजे चिप. धंद्यातली माणसं या जोडीला ‘इनले’ म्हणतात, बाकीचे आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींवरून ओळख सांगणारा टॅग. कार्डात सापडला तर तो निदान काढून टाकता येतो. तोच टॅग धुण्याच्या सूचनांच्या कापडी पट्टीत शिवलेला असेल किंवा बुटाच्या तळव्यात असेल, तर तो आपल्यासोबत घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्यासोबत बाहेरही पडतो.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींमधूनच तो आपल्यापुरती वीज काढतो. आजच्या चांगल्या चिपला जागं व्हायला साधारण १० मायक्रोवॅट पुरतात, आणि एवढी शक्ती काही मीटरवरून सहज पोचते. भारतात या रीडरसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे. पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. अँटेना तिच्या निम्म्याने, म्हणजे १७ सेंटीमीटर असावा लागतो. तेवढा सरळ पट्टा किमतीच्या कार्डात मावत नाही, म्हणून तो नागमोडी करून सात-आठ सेंटीमीटरमध्ये बसवतात. त्या रेघा वेड्यावाकड्या का असतात, याचं कारण इतकंच.

हे तंत्र परकं वाटत असेल तर गाडीच्या काचेकडे बघा. फास्टॅग हा याच पट्ट्यातला, याच भाषेत बोलणारा टॅग आहे. टोलनाक्यावर वर टांगलेला रीडर काचेवरचा क्रमांक वाचतो, तसाच दुकानातला रीडर पँटच्या शिलाईतला क्रमांक वाचतो.

आता तो क्रमांक. बारकोड सांगतो ‘हा अमुक कंपनीचा, अमुक मापाचा निळा शर्ट’. त्या मापाच्या सगळ्या निळ्या शर्टांवर एकच बारकोड असतो. टॅगमधला क्रमांक त्याच्या पुढे जातो. सर्वाधिक वापरातली रचना ९६ बिटची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ९६ अंकांची आहे. पहिले ८ बिट ००११०००० असतात, त्यावरून ही दुकानी वस्तूची रचना आहे हे रीडरला कळतं. पुढचे ३ बिट ही सुटी वस्तू आहे की खोका, ते सांगतात. त्यापुढच्या ३ बिटांवरून कंपनीचा क्रमांक कुठे संपतो आणि वस्तूचा कुठे सुरू होतो हे ठरतं. मग येतात हे दोन क्रमांक, म्हणजे बारकोडमध्ये होतं तेच. आणि शेवटचे ३८ बिट त्या एकाच नगाचा अनुक्रमांक. ३८ बिटांत सुमारे २७ हजार ४८८ कोटी वेगवेगळे आकडे बसतात, तेही प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी स्वतंत्र. म्हणजे एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच मापाच्या दोन शर्टांचे क्रमांकही वेगळे. तुम्ही घेतलेल्या शर्टाचा क्रमांक जगात दुसऱ्या कुठल्याच शर्टाला नसतो. गोपनीयतेचा सगळा प्रश्न या ३८ बिटांमधून उभा राहतो.

टॅग हा क्रमांक कोणाला सांगतो? विचारेल त्याला. रीडर आधी एक हाक देतो, ‘कोण कोण आहे?’ बरेच टॅग एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून प्रत्येक टॅग सोडत काढल्यासारखी आपली पाळी ठरवतो. पाळी आली की तो १६ बिटांचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो, बँकेतल्या टोकनसारखा. रीडर तोच आकडा परत पाठवून ‘बोल’ म्हणतो. मग टॅग आपला पूर्ण ९६ बिटांचा क्रमांक सांगून मोकळा होतो, उघडपणे, कुठल्याही कुलपाविना. सेकंदाला शेकडो टॅग असे वाचून होतात. या सगळ्या बोलण्यात ‘तू कोण?’ हा प्रश्न टॅग एकदाही विचारत नाही. त्याच्या मालकाचा रीडर आणि शेजारच्या दुकानाच्या दारात लपवलेला रीडर, दोघे त्याला सारखेच.

क्रमांकात आपलं नाव नसतं, असं कंपन्या सांगतात. ते खरं आहे, पण त्याने प्रश्न मिटत नाही. नाव टॅगमध्ये नसलं तरी काउंटरवर ते टॅगला चिकटतं. टोपलीतले टॅग वाचून बिल तयार होतं, त्याच वेळी ‘मोबाइल नंबर सांगा’ असं विचारलं जातं, आणि एका ओळीत दोन्ही नोंदवले जातात. नंबर सांगितल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दिली होती. ही सूचना बहुतेक लोक नको असलेल्या जाहिरातींच्या संदर्भात आठवतात. टॅग लावलेल्या मालाच्या बाबतीत तिचं मोल कितीतरी जास्त आहे.

आणि ओळखायला नाव लागतंच असंही नाही. अनेक सोसायट्यांच्या फाटकांवर आता फास्टॅग वाचून आडवा दांडा वर जातो. त्यासाठी टोलच्या खात्यात हात घालावा लागत नाही. सोसायटीच्या यादीत ‘हा क्रमांक म्हणजे अमक्या फ्लॅटची गाडी’ एवढी नोंद पुरते. एका कामासाठी लावलेला क्रमांक दुसऱ्याच्या यादीत किती सहज बसतो, याचं हे रोज डोळ्यांसमोर घडणारं उदाहरण आहे. इथे निदान आपण स्वतः नोंद केलेली असते. बुटातल्या टॅगची अशी नोंद कुणी केली तर आपल्याला कळणारही नाही. मंगळवारी आलेले बूट शुक्रवारी परत आले, चपलांच्या रांगेपाशी बारा मिनिटं थांबले, रिकाम्या हाताने गेले. माणसाचं नाव नंतर एखाद्या बिलावर सापडलं की मागचा सगळा इतिहास त्याच्या नावावर जमा. एकेक वस्तू सोडा, बूट, पिशवी आणि जाकीट या तिघांचे क्रमांक वारंवार एकत्र दिसले, तर तो संचच ओळख बनतो. त्यातला एक टॅग बंद पडला तरी उरलेल्या दोघांवरून माणूस सापडतो.

ही काळजी नवी नाही. मार्च २००३ मध्ये फिलिप्सने जाहीर केलं की इटलीच्या बेनेटनच्या कपड्यांसाठी दीड कोटी टॅग दिले जाणार आहेत. अमेरिकेतल्या कॅस्पियन या ग्राहक संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि काही आठवड्यांतच बेनेटनने माघार घेतली. त्याच वर्षी जर्मनीत राइनबर्ग इथे मेट्रो समूहाने ‘भविष्यातलं दुकान’ उघडलं. २००४ च्या सुरुवातीला कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की टॅग फक्त मालात नव्हते, ग्राहकांना दिलेल्या सवलतीच्या कार्डातही चिप होती. टॅग ‘बंद’ करायला तिथे एक यंत्र ठेवलेलं होतं. ते वस्तूचा क्रमांक पुसायचं, पण चिप बनवणाऱ्याने घातलेला तिचा स्वतःचा क्रमांक तसाच शिल्लक राहायचा. म्हणजे ग्राहकाने प्रामाणिकपणे यंत्राशी जाऊन टॅग बंद केला, तरी पाळत ठेवायला लागतो तेवढा क्रमांक त्यात उरलेलाच. मेट्रोला ती कार्डं मागे घ्यावी लागली. याउलट ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने २००३ च्या चाचणीत टॅग कपड्यात न शिवता बाहेरच्या फेकून देण्याच्या लेबलवर लावले. शहाणपणाचा मार्ग तेव्हाच ठाऊक होता, हे यावरून दिसतं.

टॅग आणि रीडर यांनी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या, डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक मानकात टॅग कायमचा मारायचा आदेशही आहे. त्याचं नावच ‘किल’. ३२ बिटांचा पासवर्ड दोन हप्त्यांत पाठवायचा, टॅगने तो ताडून पाहायचा आणि त्यानंतर पुन्हा कधीही बोलायचं नाही. मग दुकानं हा आदेश का वापरत नाहीत? पहिली अडचण पासवर्डची. तो शून्य ठेवला असेल तर टॅग हा आदेश पाळतच नाही, आणि कारखान्यातून टॅग शून्य पासवर्ड घेऊनच निघतो. सगळ्या मालाला एकच पासवर्ड दिला, तर तो एकदा फुटला की कुणीही दुकानात उभं राहून रांगेने टॅग मारू शकेल, म्हणजे चोराची सोय. प्रत्येक टॅगला वेगळा द्यायचा, तर ज्या कारखान्यात टॅग लागतो तिथपासून शेवटच्या काउंटरपर्यंत ती यादी सुरक्षित न्यावी लागते. शिवाय हा आदेश पाळायला टॅगला नुसत्या वाचनापेक्षा जास्त शक्ती लागते. दोन मीटरवरून निवांत वाचला गेलेला टॅग तिथून मरत नाही, तो रीडरजवळ आणावा लागतो. आणि परत आलेला माल पुन्हा मांडायचा, तर त्याला नवा टॅग लावणं आलं.

म्हणून सोपा मार्ग निवडला जातो. बिल झालेला क्रमांक संगणकात ‘विकला’ म्हणून नोंदवतात, दारातला रीडर ती नोंद बघतो आणि भोंगा वाजवत नाही. टॅगमध्ये काहीच बदललेलं नसतं. दारातून शांतपणे बाहेर पडलो म्हणजे टॅग बंद झाला, ही समजूत चुकीची आहे. तो बोलला होता, फक्त आपल्याला ऐकू आलं नाही.

यावर मधला तोडगा आहे. मानकाच्या २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत टॅगला क्रमांकाचा काही भाग झाकायला आणि आपला पल्ला कमी करायला सांगता येतं. अनुक्रमांक झाकला तर टॅग ‘मी शर्ट आहे’ एवढंच सांगेल, ‘मी तोच शर्ट आहे’ असं सांगणार नाही. पण ही सोय चिपमध्ये असलीच पाहिजे असं बंधन नाही, आणि असली तरी काउंटरवर कुणीतरी ती वापरायला हवी.

भीतीलाही मोजमाप हवं. उपग्रहावरून हा टॅग दिसत नाही. त्याला जागा कळत नाही आणि रीडर जवळ नसेल तेव्हा तो निव्वळ धातूची रेघ असतो. मोकळ्या हवेत आठ-दहा मीटरवरून वाचता येणारा टॅग अंगाला चिकटला, की शरीरातल्या पाण्यामुळे त्याचा पल्ला कित्येकदा मीटरभरही उरत नाही. खरा धोका अंगातल्या बनियनपेक्षा लटकणारी पिशवी, मोकळं जाकीट आणि बूट यांतल्या टॅगचा. चोरी रोखायचे जुने टॅग तर वेगळेच. आत सपाट वेटोळं असलेला चौकोनी स्टिकर किंवा साडेचार सेंटीमीटरची फुगीर पांढरी प्लॅस्टिक पट्टी फक्त ‘मी आहे’ एवढंच सांगते. त्यांच्यात क्रमांक नसतो, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

युरोपीय आयोगाने १२ मे २००९ रोजी शिफारस केली की ग्राहकाने संमती दिली नसेल तर दुकानाने टॅग काउंटरवरच, फुकट बंद करावा. धोका संभवत नाही असं मूल्यमापनात दिसलं तर सूट ठेवली. शिफारसच ती, सक्ती नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ज्यावरून माणूस ओळखता येतो त्या सगळ्या माहितीला लागू होतो. त्यामुळे मोबाइल नंबरशी जोडलेला टॅगचा क्रमांक त्यात बसतो. पण विकलेल्या वस्तूतला टॅग जिवंत ठेवायचा की नाही, याबद्दल कायद्यात एक शब्द नाही. तो शब्द नियमांत यायला हवा, आणि ग्राहकाने न मागता टॅग बंद व्हायला हवा. मागणाऱ्यालाच संरक्षण मिळणार असेल, तर ज्याला टॅग आहे हेच ठाऊक नाही त्याने काय मागायचं?

तोपर्यंत आपल्या हातात कात्री आहे. कपडा उलटा करून आतल्या शिलाईतल्या सगळ्या पट्ट्या चिमटीत धरून बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा कडक लागली, दुमडताना बारीक कुरकुरली किंवा तिच्यावर तुटक रेघ आणि कात्रीचं चित्र असलं, तर आत टॅग असण्याची शक्यता मोठी. फोनने तपासण्याचा उपयोग नाही. फोनमधलं एनएफसी, म्हणजे अगदी जवळून टॅग वाचायची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, त्याला हे टॅग ऐकूच येत नाहीत. फोनवर काही दिसलं नाही म्हणजे टॅग नाही, असं नव्हे.

पट्टी शिलाईपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. शिलाईतच कात्री घातली तर कपडा उसवतो. नुसत्या नागमोडी रेघा कापून थांबू नका. मधला वळसा आणि चिप शाबूत राहिली, तर पल्ला मीटरांवरून सेंटीमीटरांवर येतो, पण टॅग मरत नाही. काळा ठिपका शोधा आणि बरोबर त्यावरून कात्री फिरवा. धुण्याने तो मरेल ही आशा सोडा, लाँड्रीसाठी बनवलेले टॅग शेकडो धुण्यांतून तरतात. चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही. मायक्रोवेव्हमध्ये चिप जळते हे खरं, पण ॲल्युमिनियमवर ठिणग्या उडतात आणि कपडा पेट घेऊ शकतो. तो प्रयोग करू नका.

वस्तू परत करायची शक्यता असेल तर घाई नको. कार्डातला टॅग न कापता, बिलासोबत ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा. फॉइल चारही बाजूंनी दोनदा दुमडा, कारण लांब उघडी फट राहिली तर लहरी तिथून आत शिरतात. परत करण्याची मुदत संपली की पुडी उघडा आणि ठिपक्यावरून कात्री फिरवा.