बशीतला भुरका आणि नाकाचं मागचं दार

आमच्या आबांना कपाने चहा पिता यायचा नाही. कप समोर आला की तो बशीत ओतायचा, बशी बोटांवर तोलायची आणि मग असा भुरका मारायचा की ओसरीवर बसलेल्यालाही कळावं, आत चहा झालाय. आम्ही नातवंडांनी तसं केलं की मात्र आई डोळे वटारायची. "आवाज न करता पी."

बऱ्याच वर्षांनी कळलं की चहाची पारख करणं हाच ज्यांचा पेशा आहे, ते आबांसारखाच भुरका मारतात, किंबहुना जास्त जोरात. कोलकात्यात १८६१ पासून चहाचे लिलाव होत आले आहेत. लिलावाआधी मालाचे नमुने चाखले जातात. लांबच लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपाशेजारी त्याची कोरडी पत्ती आणि भिजलेली पत्ती. पारखी चमचाभर चहा ओठांशी नेतो, हवेसकट सर्रकन ओढतो, तोंडात घोळवतो, पिकदाणीत थुंकतो आणि पुढच्या कपाकडे सरकतो. अशा चाखणीसाठी चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकण ठेवून सहा मिनिटं. ब्रिटिश मानक संस्थेला चहा करण्याच्या सहा पानी नियमावलीसाठी १९९९ मध्ये इग नोबेल हा थट्टेचा पुरस्कार मिळाला होता. हसू येतं खरं, पण दोन चहांची तुलना करायची तर पाणी, वजन आणि वेळ सारखी नको का? आपल्याकडे चिमटीचा अंदाज चालतो, म्हणून तर दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतं, "आज चहा कुणी केला?"

भुरक्याने चहा थोडा निवतो, हे झालंच. बशीनेही तेच होतं, पसरट भांड्यात वाफ लवकर निघून जाते. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेला घातक ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, तेव्हा मला पहिली आठवली ती आबांची बशी. पण पारख्यांना गारवा नको असतो, त्यांना वास हवा असतो. हवेबरोबर ओढलेल्या चहाचे बारीक तुषार होतात, त्यातली सुगंधी द्रव्यं मोकळी होतात, आणि श्वास सोडला की घशाच्या मागून वर चढून नाकात शिरतात. नाकाला पुढून दोन दारं आहेत हे आपल्याला माहीत असतं. हे मागचं दार मात्र कुणी शाळेत दाखवत नाही.

चहाची चव बहुतेक याच दाराने येते. जिभेला कळतं ते मोजकंच: गोड, आंबट, खारट, कडू, आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये नाव दिलेली उमामी, म्हणजे रश्शासारखी रुचकर चव. उलट चहात आजवर सहाशेहून जास्त सुगंधी द्रव्यं सापडली आहेत आणि नाकात वास ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे वास टिपणारी प्रथिनं) आहेत चारशेच्या आसपास प्रकारांचे. मागच्या दाराने आलेला वास मेंदू तोंडाच्या खात्यावर जमा करतो, म्हणून आपण म्हणतो "चव छान आहे". करोनात ज्यांचा वास गेला होता त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझी मावशी तेव्हा म्हणायची, "चहा कसला, गरम गोड पाणी आहे नुसतं." तिची जीभ शाबूत होती. जिभेपुरता चहा खरोखर तेवढाच असतो, फार तर थोडा कडू.

घरी पडताळून पाहायचं तर गवती चहाची दोन पाती घ्या, चुरगाळून उकळत्या पाण्यात टाका, साखर घाला. नाक चिमटीत धरून घोट घ्या. साखरपाणी. आता घोट तोंडात असतानाच चिमूट सोडा. सगळं परसदार एकदम तोंडात येतं. ही करामत सिट्रल नावाच्या द्रव्याची. गवती चहाच्या तेलात त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो आणि लिंबाच्या सालीतही तेच असतं. म्हणून त्या पातीला लिंबासारखा वास आहे, पण ती जराही आंबट नाही. नावात चहा असला तरी चहाशी तिचं नातं नाही. ती गवताच्या कुळातली आणि तिच्यात कॅफीनही नाही. खऱ्या चहाचे सगळे प्रकार, हिरवा, पांढरा, उलाँग, काळा, एकाच झुडपाच्या पानांचे. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचं काय केलं यावर.

वासासाठी चहात काही मिसळणं हा शोध चिनी लोकांनी फार जुन्या काळी लावला, आणि त्यांची एक पद्धत वाचून मला आजीचा माठ आठवला. फूचौ शहराच्या परिसरात चमेलीचा म्हणून जो चहा करतात, त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. कळ्या दिवसा तोडतात, कारण मोगरा उमलतो आणि दरवळतो संध्याकाळनंतर. रात्री हिरव्या चहाचे आणि कळ्यांचे थर एकत्र मिसळून ठेवतात. सुकी, सच्छिद्र पत्ती तो वास रात्रभर पिते. सकाळी फुलं बाजूला, पत्ती पुन्हा वाळवायची, आणि रात्री ताजी फुलं. उत्तम प्रतीच्या चहासाठी हे सहा-सात वेळा चालतं. उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची चार फुलं टाकणारी आजी हेच करायची, फक्त पाण्यावर. पत्तीचा हा गुण उलटही फिरतो. चहाचा डबा मसाल्याच्या किंवा साबणाच्या शेजारी ठेवला की महिनाभर घरात तोच वास प्यावा लागतो.

आता वास बाजूला ठेवू, कारण चहात एक गोष्ट अशी आहे जी नाकाचीही नाही आणि जिभेच्या चवीचीही नाही: तुरटपणा. आयुर्वेदाने सहा रस मानले: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. आधुनिक शरीरशास्त्र यातल्या कटू म्हणजे तिखटाला आणि कषाय म्हणजे तुरटाला चवींच्या यादीतून काढून स्पर्शाच्या यादीत बसवतं. (संस्कृतातलं तिखट 'कटू' मराठीत येता येता 'कडू' होऊन गेलं, तेव्हा यादी वाचताना गोंधळू नका.) कच्चं जांभूळ किंवा आवळ्याची सुपारी खाल्ल्यावर तोंड कसं ओढल्यासारखं होतं, तसा कोरा चहा गालांना आतून खरखरीत करतो. लाळेतली जी प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात, त्यांना चहातली पॉलिफेनॉल द्रव्यं चिकटून त्यांच्या गाठी करतात. वंगण गेलं की घासल्यासारखं वाटणारच.

दूध नेमकं इथे कामी येतं. दुधातलं केसीन हे प्रथिन लाळेच्या आधीच त्या पॉलिफेनॉलना पकडून ठेवतं. आपला बाजारातला दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी काढलेल्या या यंत्रात पान चिरडतात, फाडतात आणि वळतात (क्रश, टेअर, कर्ल, म्हणून सीटीसी). पान इतकं फाटलं की कापलेल्या सफरचंदासारखं झपाट्याने काळवंडतं, त्यातल्या कॅटेचिन या पॉलिफेनॉलांची लालसर थिआफ्लेविनं आणि तांबडी-तपकिरी थिआरुबिजिनं होतात, आणि रंग व कडकपणा दोन्ही पाण्यात लगेच उतरतात. असला चहा दुधासाखरेसाठीच जन्मलाय. तो बिनदुधाचा पिऊन कुणी 'आरोग्य' म्हणत असेल तर त्याच्या सहनशक्तीला नमस्कार. हिरव्या चहाचं उलट. त्याचं पान लगेच वाफवून किंवा भाजून काळवंडणं थांबवलेलं असतं. त्यावर खळखळतं पाणी ओतलं की कडवटपणा भराभर उतरतो, ७५-८० अंशांचं पाणी पुरतं.

कोऱ्या चहाकडे बघत बसण्यातही मजा आहे. चांगला कडक कोरा चहा गार झाला की गढूळ होतो, तेव्हा तो खराब झालेला नसतो. थिआफ्लेविन आणि कॅफीन यांची जोडी थंडाव्यात विरघळून राहत नाही, एवढंच. पारखी ते उलट कसाचं लक्षण मानतात. त्यात लिंबू पिळा, रंग लगेच फिका होतो. थिआरुबिजिनं आम्लात रंग बदलतात.

दार्जिलिंगचा उन्हाळी चहा मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "यात द्राक्षं घातलीत का?" काहीच घातलेलं नव्हतं. मे-जूनच्या तोडणीत त्या चहाला मस्कट जातीच्या द्राक्षांसारखा वास येतो, आणि त्यामागे जो प्राणी आहे त्याला आपले शेतकरी चांगले ओळखतात: तुडतुडे. कोकणात आंब्याचा मोहोर आणि विदर्भात कपाशी ज्यांच्यामुळे हातची जाते, त्यांचेच भाऊबंद. जोडीला फुलकिडे. हे किडे कोवळ्या पानातला रस शोषतात, पान पिवळं पडतं, वाढ खुंटते. चावलेलं झुडूप रासायनिक हाकाटी सुरू करतं. त्यात लिनालूल, जिरॅनिऑल आणि हॉट्रिएनॉल यांसारखी सुगंधी द्रव्यं पानात वाढतात. वनस्पतींच्या जगात असे वास बऱ्याचदा किडे खाणाऱ्या भक्षकांना आवतण असतात. आपल्याला त्या आरडाओरड्यात द्राक्षं दिसतात. तैवानमध्येही असाच तुडतुड्यांनी खाल्लेल्या पानांचा एक उलाँग होतो, 'पूर्वेची सुंदरी'. त्याचं दुसरं नाव 'फुशारकीचा चहा'. किडकी पत्ती चढ्या भावाने विकून आलेल्या शेतकऱ्यावर गावाने विश्वासच ठेवला नाही म्हणे. अशा बागेत कीटकनाशक बेतानेच वापरावं लागतं, कारण तुडतुडा गेला की वासही गेला. आंब्याच्या बागायतदाराला हे सांगायची माझी हिंमत नाही.

मसाल्याच्या चहाकडे येऊ. आलं हे सहा रसांपैकी दुसरं हद्दपार, तिखट. त्यातलं जिंजेरॉल मिरचीतल्या कॅप्सेसिनप्रमाणेच टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला छेडतं. हा ग्राहक मुळात सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता ओळखण्यासाठी आहे. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत. म्हणजे पावसात भिजून आल्यावर आल्याच्या चहाने जी ऊब वाटते, तिच्यात गरम पाणी आणि आलं हे दोघं एकच घंटा वाजवत असतात. आलं वाळून सुंठ झाली की जिंजेरॉलमधून पाणी निघून शोगाओल होतं, ते आणखी जहाल. ताज्या आल्याच्या मापाने सुंठ घालून ज्यांनी पाहुण्यांना ठसका दिलाय, त्यांना कारण आता कळावं.

आणि तो जुना गृहछळ: आलं घातलं की दूध फाटतं. आल्यात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. ते केसीनवर तुटून पडतं आणि दुधाच्या गाठी होतात. चीनच्या क्वांगतुंग प्रांतात याचाच गोड पदार्थ करतात. आल्याच्या रसावर साधारण ७० अंशांचं गोड दूध ओतायचं, काही मिनिटांत खरवसासारखं थिजतं. त्या पदार्थाच्या नावाचा अर्थच 'आल्याची दुधाला धडक'. आपल्याला धडक नको असेल तर आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावं. उकळीत विकर निकामी होतं, मग दूध. अमृततुल्यवाले हे पिढ्यान् पिढ्या करतात. वेलदोडा मात्र ते शेवटी, ताजा कुटून टाकतात, तेही बरोबर. त्यातलं सिनिओल वाफेबरोबर उडून जातं. पहिल्या उकळीलाच टाकलेला वेलदोडा पिणाऱ्याला मिळत नाही, तो शेजाऱ्यांना मिळतो.

पाकिटातल्या सुगंधी चहांबद्दल माझं मत तितकंसं चांगलं नाही. अर्ल ग्रे सोडा. काळ्या चहाला बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल चोळणं ही जोडी जमलेली आहे, कारण बर्गामॉटातलं लिनालूल चहात मुळातच असतं. पण स्ट्रॉबेरी, आंबा, पीच वगैरे पुड्या उघडल्यावर जितक्या खुलतात तितक्याच घोटात पडतात. पुढच्या दाराने आलेला वास गोडाचं वचन देतो, जीभ वाट बघत राहते, आणि हाती लागतं तुरट पाणी. तांबडाभडक, आंबट 'हर्बल' चहा घेतलात तर मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात बहुधा हिबिस्कस असतं, म्हणजे लाल अंबाडीची बोंडं. ज्या अंबाडीच्या भाजीला मुलं नाकं मुरडतात, तीच काचेच्या कपात तिप्पट भावाने.

निळ्या चहाची मात्र मी गय करतो. कुंपणावरच्या गोकर्णाची पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की शाईसारखा निळा रंग येतो, लिंबाचे चार थेंब पडले की जांभळा. त्यातली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आम्लात रंग बदलतात. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच. गेल्या रविवारी भाच्याला घेऊन मी सहा बश्या मांडल्या होत्या: कोरा, गवती, दार्जिलिंग, मोगऱ्याचा, आल्याचा आणि हा गोकर्णाचा. दार्जिलिंग त्याने "फुलांचं पाणी" म्हणून सरकवला, आल्याचा दोनदा मागितला. गोकर्णाचा जांभळा झालेला बघून म्हणाला, "हा मस्त लागतो." मी त्याला डोळे मिटून, नाक धरून पुन्हा प्यायला लावला. "आता?"

"आता लिंबूपाणी," तो म्हणाला, आणि डोळे उघडून उरलेल्या बशीचा एवढा मोठा भुरका मारला की आतून त्याच्या आईची हाक आली.