जनुकशास्त्राच्या पीएच.डी.ला दोन मार्गदर्शक का असतात : पार्श्वभूमी

आनुवंशिकतेविषयीचे मेंडेलचे निष्कर्ष १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि ब्रिटनमधील अभ्यासकांत लवकरच दोन तट पडले. विल्यम बेटसन यांच्या पक्षाला वाटाण्याच्या रंगासारखी ठळक, वेगवेगळी लक्षणे महत्त्वाची वाटत होती. कार्ल पिअर्सन यांच्या संख्याशास्त्रीय पक्षाला उंचीसारखी सलग बदलणारी. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र आले, की मेंडेलच्या नियमांतूनच सलग बदल निपजतो, हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवले. फिशर मुळात गणिताचे विद्यार्थी होते. दोन्ही बाजू समजणारी माणसे तेव्हा फार थोडी होती, आणि त्याची किंमत या विषयाने मोजली.

पुढेही माणसे विषयाच्या सीमा ओलांडत राहिली, पण बहुधा पदवी हाती आल्यानंतर. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स डेलब्रुक यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन केंद्रात जिवाणूभक्षक विषाणूंवरील उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू केला, तो अशाच संशोधकांना उपयोगी पडला. पीएच.डी. मात्र एकाच विभागात, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली होत राहिली.

ही चौकट अपुरी पडली ती विदेच्या, म्हणजे डेटाच्या, आकारमानामुळे. फ्रेडरिक सँगर यांची डीएनए-क्रम वाचण्याची पद्धत १९७७ मध्ये आली, सजीवाच्या संपूर्ण डीएनएच्या, म्हणजे जीनोमच्या, अभ्यासासाठी ‘जीनोमिक्स’ हा शब्द १९८६ मध्ये पुढे आला आणि १९९० मध्ये माणसाचा सगळा डीएनए-क्रम वाचण्याचा मानवी जीनोम प्रकल्प सुरू झाला. सन २००० च्या उन्हाळ्यात वाचून झालेले लाखो तुकडे जुळवायचे होते. ते काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील पीएच.डी.चा विद्यार्थी जिम केंट याने सुमारे महिनाभरात प्रोग्राम लिहून पार पाडले. तो जीवशास्त्राचा विद्यार्थी होता, पण त्याआधी त्याने व्यावसायिक प्रोग्रामर म्हणून काम केले होते. एवढे मोठे काम अशा योगायोगावर अवलंबून राहावे, हे मला आजही अस्वस्थ करते.

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून (एनआयएच) संशोधन-प्रशिक्षणासाठी विद्यापीठांसारख्या संस्थांना अनुदाने मिळत होती, आणि त्यांतून अनेक विभागांचे एकत्रित कार्यक्रम उभे राहिले. त्यांत विद्यार्थी पहिल्या वर्षी काही आठवडे एका, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्यानंतरच मार्गदर्शक निवडतो. संख्याशास्त्र, संगणन आणि संशोधनातील नैतिकता हे विषयही तो त्याच काळात शिकतो. अनेक ठिकाणी एक मार्गदर्शक प्रयोगाच्या बाजूचा, तर दुसरा विश्लेषणाच्या बाजूचा असतो. माझ्या मते यातला खरा लाभ वेळेचा आहे: नमुने किती घ्यायचे आणि तुलना कशाशी करायची, हे प्रयोग होण्याआधीच संख्याशास्त्र जाणणाऱ्याला विचारता येते, कारण चुकीच्या आखणीतून आलेली विदा नंतर कितीही कुशल विश्लेषणाने सुधारत नाही.