प्रश्नचिन्हाच्या आडून

१५ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीने तासाभराचा एक कार्यक्रम दाखवला. माणूस खरोखर चंद्रावर उतरला होता की ते सगळे चित्रीकरण पृथ्वीवरच उरकण्यात आले होते, हा त्याचा विषय. आरंभी पडद्यावर एक सूचना झळकली: विषय वादग्रस्त आहे, येथे मांडलेला अर्थ हा एकमेव शक्य अर्थ नाही, आणि उपलब्ध असलेली सर्व माहिती लक्षात घेऊन प्रेक्षकांनी स्वतःच निर्णय करावा. सूचनेत गैर काही नव्हते. अडचण अशी की ही ‘सर्व माहिती’ पुढच्या तासाभरात कोठेही आली नाही.

चंद्रावर हवा नाही, मग झेंडा हलताना कसा दिसतो? छायाचित्रांत आकाश काळेभोर आहे, मग त्यात एकही तारा का नाही? यान उतरले तेथे इंजिनाच्या झोताने खड्डा का पडला नाही? असे प्रश्न गंभीर आवाजात एकामागून एक विचारले गेले. त्यांची उत्तरे अवघड नाहीत. झेंडा ताठ राहावा म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. अंतराळवीर काठी जमिनीत रोवताना ती हलत होती, आणि हवेचा अडथळा नसल्यामुळे कापडाचे हेलकावे पृथ्वीवर थांबतात तितक्या लवकर थांबत नव्हते. म्हणजे झेंड्याचे ते हलणे निर्वाताशी पूर्ण सुसंगत होते. ताऱ्यांचेही तसेच. लख्ख उन्हातली जमीन आणि पांढरे पोशाख टिपायचे तर कॅमेऱ्याची झडप क्षणार्धच उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात मंद ताऱ्यांचा प्रकाश फिल्मवर उमटत नाही. उतरताना इंजिनाचा जोर बराच कमी केलेला होता, आणि त्याचा झोत निर्वातात झपाट्याने पसरत होता. त्यामुळे वरची धूळ उडाली, खड्डा पडला नाही. पण ‘तारे का नाहीत?’ हे विचारायला दोन सेकंद पुरतात, आणि उत्तर समजून घ्यायला छायाचित्रणाची आणि भौतिकशास्त्राची थोडी तरी ओळख लागते. दूरचित्रवाणीवर सेकंदाला मोल असते, त्यामुळे या व्यवहारात उत्तराचीच बाजू नेहमी पडती असते.

याच कार्यक्रमात असेही सांगितले गेले की सुमारे २० टक्के अमेरिकनांना चांद्रविजयाबद्दल शंका आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेने १९९९ मध्ये केलेल्या पाहणीत हा आकडा ६ टक्के होता. अपोलो मोहिमांनी आणलेले सुमारे ३८२ किलो दगड आणि माती, पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण आजही परतवणारे तेथील परावर्तक, आणि असंख्य स्वतंत्र प्रयोगशाळांनी केलेली त्या दगडांची तपासणी यांना मात्र जागा मिळाली नाही. पुढे नासाच्या एलआरओ यानाने आणि २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ ने अपोलो ११ च्या उतरण्याच्या जागेची छायाचित्रे घेतली. ती २००१ मध्ये उपलब्ध नव्हती, हे मान्य; पण जे उपलब्ध होते तेही पुरेसे होते.

अशा कार्यक्रमांची बाजू घेणारे सहसा एकच युक्तिवाद करतात: ही करमणूक आहे, प्रेक्षक दुधखुळे नसतात. हा युक्तिवाद तपासून पाहता येतो, आणि मानसशास्त्रज्ञांनी तो तपासलाही आहे. गंमत अशी की फॉक्सच्या त्या कार्यक्रमाचे निवेदन मिच पिलेजी या अभिनेत्याने केले होते, जो ‘द एक्स-फाइल्स’ या लोकप्रिय मालिकेत एफबीआयच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भूमिकेत दिसत असे; आणि ब्रसेल्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका याच मालिकेचा एक भाग लोकांना दाखवला होता. सरकार परग्रहवासीयांचे सत्य दडपते आहे, अशा कथानकांवर पोसलेल्या या मालिकेचा भाग पाहूनही प्रेक्षकांचा कटकारस्थानांवरील विश्वास वाढल्याचे आढळले नाही. कथा ही कथा म्हणून आली की लोक ती कथा म्हणूनच घेतात, असे यावरून म्हणता येईल.

परंतु कथा खऱ्या माणसांची आणि खऱ्या घटनांची असेल तर चित्र पालटते. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येवरील ‘जेएफके’ हा १९९१ चा चित्रपट पाहायला आलेल्या प्रेक्षकांची स्टॅनफर्डच्या संशोधकांनी चित्रपटगृहाच्या दारातच पाहणी केली. आत जाणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणाऱ्यांचा हत्येमागील कटावर अधिक विश्वास होता आणि त्यांचा संतापही अधिक होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मतदान करण्याचा किंवा राजकीय कामाला हातभार लावण्याचा त्यांचा इरादा मंदावलेला होता. सगळे वरच ठरते, मग आपण काय करणार, ही भावना ते बाहेर घेऊन येत होते. हा चित्रपट होता, अभिनेत्यांनी उभा केलेला, आणि हे प्रत्येकाला ठाऊक होते.

आणि आपण बदललो हे माणसाला उमगते का? केंट विद्यापीठातील कॅरेन डग्लस आणि रॉबी सटन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना राजकन्या डायना यांच्या मृत्यूविषयीच्या कटकथा वाचायला दिल्या. वाचल्यानंतर त्यांचा कल त्या कथांकडे झुकला. इतरांवर अशा मजकुराचा किती परिणाम होतो, याचा अंदाज त्यांनी बऱ्यापैकी बरोबर केला. स्वतःवरचा परिणाम मात्र त्यांना कमी वाटला, कारण वाचण्यापूर्वीचे आपले मत काय होते हेच त्यांना नीट आठवत नव्हते. ‘मी गंमत म्हणून पाहतो’ हे विधान प्रामाणिक असू शकते, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. एखादे विधान वारंवार कानावर पडले की ते ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीचे ते खरे वाटू लागते. हा परिणाम १९७७ पासून प्रयोगांत दिसत आला आहे, आणि योग्य माहिती आधीपासून असलेली माणसेही त्यातून सुटत नाहीत. एकच शंका अर्ध्या तासात चार जाहिरातींच्या अगोदर आणि चार जाहिरातींच्या नंतर ऐकवणारी वाहिनी या दृष्टीने काय करते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न म्हणून इतकाच उरतो की कार्यक्रम कोणता पोशाख घालून येतो. ब्रिटनच्या अँग्लिया टेलिव्हिजनने २० जून १९७७ रोजी ‘ऑल्टरनेटिव्ह ३’ हा कार्यक्रम दाखवला. पृथ्वीचे हवामान बिघडत असल्यामुळे निवडक शास्त्रज्ञांना गुपचूप मंगळावर हलवले जात आहे, असा त्याचा आशय. तो मुळात १ एप्रिलसाठी बनवलेला होता, प्रक्षेपण लांबले; शेवटी अभिनेत्यांची नावे दाखवली गेली आणि १ एप्रिल ही तारीखही. पण निवेदक टिम ब्रिंटन हे बातम्या देणारे परिचित गृहस्थ होते आणि मांडणी विज्ञानविषयक वृत्तमालिकेची होती. दूरध्वनी खणखणू लागले. पुढे काही लोकांनी असाही दावा केला की तो खोटा होता हे सांगणे हाच खरा बनाव. करमणूक म्हणून जन्मलेला कार्यक्रम अशा रीतीने स्वतःच एका कटकथेचा पुरावा होऊन बसला.

अमेरिकेतील ॲनिमल प्लॅनेट वाहिनीने मे २०१२ मध्ये जलपऱ्यांचा ‘शोध’ लागल्याचा माहितीपट दाखवला, त्यातले ‘शास्त्रज्ञ’ नट होते. त्यानंतर काही आठवड्यांत तिथल्या राष्ट्रीय सागरी आणि वातावरणीय प्रशासनाला, म्हणजे नोआला, मानवसदृश जलचरांचा कोणताही पुरावा आजवर आढळलेला नाही असे निवेदन आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागले. सरकारी विज्ञानसंस्थेने जलपऱ्या नाहीत असे लेखी कळवावे, हा विनोद वाहिनीला परवडला. दुसऱ्या वर्षीच्या पुढच्या भागाला सुमारे ३६ लाख प्रेक्षक मिळाले. २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या डिस्कव्हरी वाहिनीने नामशेष झालेला महाकाय मेगालोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचे याच पद्धतीने दाखवले, तेव्हा प्रेक्षक ४८ लाख होते. २०१५ मध्ये मात्र डिस्कव्हरीच्या नव्या प्रमुखांनी असे बनावट माहितीपट बंद करण्याचे जाहीर केले.

हे झाले उघड बनावाचे. त्याहून टिकाऊ प्रकार म्हणजे हिस्टरी वाहिनीवरची ‘एन्शंट एलियन्स’ ही मालिका, जी २००९ च्या एका विशेष भागातून उगम पावून २०१० पासून चालू आहे. हिचे निवेदन विधान करतच नाही, ते विचारते: ‘असे असू शकेल का, की...?’ प्रश्न खोटा ठरवता येत नाही, त्यामुळे चूक दुरुस्त करण्याची जबाबदारीही येत नाही. या पठडीतला जो दावा मराठी माणसाने हमखास ऐकलेला असतो तो वेरूळच्या कैलास लेण्याविषयीचा आहे. अखंड कातळातून वरून खाली कोरलेले हे मंदिर, दीड ते दोन लाख टन दगड काढलेला, आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द जेमतेम अठरा वर्षांची. मग हे माणसांनी छिन्नी-हातोड्याने केले असेल का?

हिशेब करून पाहू. दोन लाख टन आणि अठरा वर्षे धरली, वर्षाला ३०० दिवस काम मानले, तर रोजचे सुमारे ३७ टन होतात. दगड फोडणारे ३०० पाथरवट आहेत असे समजले (ही संख्या मी धरलेली आहे), तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सव्वाशे किलोच्या आतबाहेर येतात. बेसॉल्ट जड असतो. म्हणजे प्रत्येक बाजू ३५ सेंटिमीटर असलेला एक ठोकळा. हे काम कष्टाचे आहे, पण अमानवी नाही. शिवाय सगळा दगड छिलून काढावा लागत नाही, चर खणून मोठे तुकडे फोडता येतात, आणि वरून खाली काम केल्यामुळे परांची बांधण्याचा खटाटोपही वाचतो. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की मंदिराचा मोठा भाग कृष्णाच्याच काळात झाला आणि परिसरातील इतर काही भाग नंतरच्या राजांच्या काळातले आहेत. म्हणजे सर्व काही अठरा वर्षांत बसवण्याची सक्तीही नाही.

मालिकेला जे सांगायला वेळ नसतो ते खरे तर अधिक रंजक आहे. कैलासाचा आराखडा आभाळातून पडलेला नाही. त्याच्या आधी काही दशके चालुक्यांनी पट्टदकल येथे विरूपाक्ष मंदिर बांधले होते, आणि कैलासाची रचना त्याच्याशी जवळचे नाते सांगते. त्या विरूपाक्षाचे नाते पुन्हा कांचीच्या कैलासनाथाशी. छिन्नीच्या खुणा कातळावर आहेत. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे अर्धवट सोडलेले लेणे पाहिले की खोदकाम कोणत्या क्रमाने होत असे ते डोळ्यांनी दिसते. आणि राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराजाच्या ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे: विमानांतून संचार करणारे देव ते पाहून थक्क होतात आणि हे स्वयंभूच असले पाहिजे म्हणतात, ज्या शिल्पकाराने ते घडवले तोही ‘हे मी केले तरी कसे!’ म्हणून आश्चर्यात बुडतो. विमानवाले या नोंदीत आहेत खरे, पण ते प्रेक्षक आहेत. घडवणारा माणूस आहे. अशा कार्यक्रमांतून खरी हानी होते ती या माणसाची, कारण ज्या कारागिरांचे श्रेय परग्रहावर पाठवले जाते ते बहुधा युरोपाबाहेरचे असतात.

याचा अर्थ कटाचा विषयच त्याज्य आहे असा नाही. कट होतात. तंबाखू कंपन्यांनी धूम्रपानाच्या धोक्यांबद्दल दशकानुदशके जनतेची दिशाभूल केली, हे आज न्यायालयीन कागदपत्रांत आहे, आणि ते उजेडात येण्यात दूरचित्रवाणीचाही वाटा आहे. जेफ्री वायगँड हा एका सिगारेट कंपनीचा माजी संशोधन-प्रमुख. त्याची मुलाखत सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने १९९५ मध्येच घेतली, पण खटल्याच्या भीतीने रोखून धरली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये दाखवली. त्यात नाव असलेला माणूस होता आणि खरे-खोटे ठरवता येईल अशी विधाने होती. ती खोटी निघाली असती तर वाहिनीला किंमत मोजावी लागली असती. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी २०६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. खरा कट उघड करणारा कार्यक्रम भीत भीत दाखवला जातो आणि काल्पनिक कटाचा कार्यक्रम बिनधास्त, यातच दोहोंतला फरक बराचसा कळतो.

दुसरी बाजू दाखवली की भागते का? पर्ड्यू विद्यापीठातील ग्लेन स्पार्क्स यांनी १९९० च्या दशकात उडत्या तबकड्यांवरील वृत्तकथांचे प्रयोग केले, तेव्हा एकतर्फी वृत्तकथेने विश्वास वाढवला आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे समाविष्ट असलेल्या वृत्तकथेने तसा वाढवला नाही. म्हणजे उपयोग होतो. पण क्रमालाही महत्त्व आहे. लसीकरणाविषयीच्या कटकथांवर डॅनियल जॉली आणि कॅरेन डग्लस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खंडन करणारे मुद्दे कटकथेच्या आधी वाचलेल्या लोकांची मुलाला लस देण्याची तयारी टिकून राहिली. तेच मुद्दे कटकथेनंतर वाचलेल्यांच्या बाबतीत ते फारसे कामी आले नाहीत. जलपऱ्यांच्या माहितीपटात तो काल्पनिक असल्याचा उल्लेख अखेरच्या नामावलीत क्षणभर होता. ‘ऑल्टरनेटिव्ह ३’ मध्येही उलगडा शेवटीच होता. चांद्रविजयाची थट्टा करणारा एक फ्रेंच लघुपट २००२ मध्ये आर्टे वाहिनीने दाखवला, त्याच्या शेवटी चुकलेल्या संवादांची हास्यास्पद दृश्ये जोडून बनाव कबूल केलेला आहे. इंटरनेटवर त्याचे तुकडे फिरतात ते हा शेवट कापून.