ओटा निवडण्याआधी : ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

विकासकाची ‘अपग्रेड’ची यादी हातात आली की बोट पहिल्यांदा दगडाच्या रंगावर जातं. साहजिक आहे, नमुने तिथेच मांडलेले असतात. आमचा आग्रह मात्र असा, की रंग सगळ्यात शेवटी ठरवा. ओट्याचा दगड दहा वर्षांनीही बदलता येतो, हँडलं तर एका दुपारी बदलतात. पण टाइल्स लागल्यावर भिंतीतून नवी वायर किंवा पाइप न्यायचा म्हणजे राहत्या घरात तोडफोड. यादीचे दोन भाग करा : भिंतीआड जाणारं आणि भिंतीबाहेर राहणारं. पैसे आधी पहिल्या भागाला द्या.

भिंतीआडचं काम

आज गॅसची शेगडी वापरत असलात तरी इंडक्शनची तयारी करून ठेवा. चार झोनचा इंडक्शन हॉब (ओट्यात बसवलेली विजेची शेगडी) पूर्ण क्षमतेवर 7 किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याला 32 अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. आत्ता फक्त वायर ओढून बॉक्सला झाकण लावून ठेवलं तरी पुरे. घरात कोणाला पेसमेकर असेल तर हॉबपासून साधारण 60 सेंटिमीटर अंतर राखायला सांगतात. ओटाच मुळी 60 सेंटिमीटर खोल असतो, त्यामुळे हे अंतर कागदावर वाटतं तेवढं सोपं नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. गॅसच ठेवणार असाल, तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्या. यावर तडजोड नको.

विजेची बटणं मागच्या भिंतीवर असली की तिथं पोचायला शेगडीवरून हात न्यावा लागतो. बसून काम करणाऱ्याला तर ओट्यापलीकडे, जमिनीपासून 1100 मिलिमीटरच्या वर पोचणंच कठीण. निदान दोन प्लग-पॉइंट बाजूच्या भिंतीवर किंवा ओट्याखालच्या पुढच्या पट्टीत घ्या, अर्थात सिंकपासून लांब.

गरम पाण्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. 60 अंशांचं पाणी साधारण 5 सेकंदांत त्वचा गंभीर भाजतं. 49 अंशांना त्यासाठी काही मिनिटं लागतात. म्हणून कुणी टाकीचंच तापमान उतरवून ठेवतात, ते करू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. टाकी 60 अंशांवरच ठेवायची आणि नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा) बसवायचा. हा व्हॉल्व्ह अधूनमधून तपासावा लागतो, तेव्हा तो टाइलमागे गाडून घेऊ नका.

सिंक पुढे कधी खाली घ्यावं लागलं तर सांडपाण्याच्या पाइपाचं भिंतीतलं तोंड आडवं येतं. ते पहिल्यापासून खाली ठेवायला सांगा. आधाराच्या दांडीचंही तसंच. पोकळ भिंत असेल तर बोर्डामागे, दांडी येणार त्या जागी 18 मिलिमीटर प्लाय आधीच ठोकून घ्या आणि त्या जागेचा मापासकट फोटो काढून ठेवा. दांडीचा व्यास 32 ते 38 मिलिमीटर, भिंतीपासून मोकळी जागा 38. ओट्याची कड ही आधाराची दांडी नव्हे. ती धरून स्वतःला ओढून उभं राहणं धोक्याचं आहे, विशेषतः दगड पुढे लोंबता असेल तिथे.

उंची

घरात घालता त्या चपला पायांत घालून सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून 10 ते 15 सेंटिमीटर वजा केले की ओट्याची उंची येते. बहुतेकांची 850 ते 900 मिलिमीटरच्या दरम्यान बसते. दोघांच्या मापांत फार फरक असेल तर मधलं माप काढू नका, ते दोघांनाही जाचतं. जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या मापाचा मुख्य ओटा करा आणि एक छोटा भाग वेगळ्या उंचीचा ठेवा.

तो छोटा भाग बसून काम करण्याजोगा असेल तर उत्तम. वरची उंची 750 ते 800, खाली कपाट नाही, गुडघ्यांसाठी मोकळी जागा रुंदीला किमान 760, उंचीला 700 आणि खोलीला 480 मिलिमीटर. इथे गडबड होते ती जाडीत. 20 मिलिमीटरचा दगड आणि खाली 18 मिलिमीटरचा प्लाय म्हणजे 38 आधीच गेले; त्यात शोभेसाठी 40 मिलिमीटरची पुढची पट्टी खाली सोडली की खुर्चीचे हात अडकतात. तीच चूक मुख्य ओट्यातही : सुतार कपाटंच 850 ची करतो, वर दगड येतो आणि तयार ओटा 888 वर जातो. माप सांगताना प्रत्येक वेळी ‘दगडासकट’ म्हणा आणि तसं लिहूनही घ्या.

बसून वापरायच्या सिंकची खोली 165 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्याचं भोक मागच्या बाजूला हवं. खालच्या गरम पाइपाला वेष्टण लागतंच. पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका बसल्याचं कळत नाही. चाकाची खुर्ची वळायला 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तेव्हा मधोमध बेट (भिंतीला न टेकलेला स्वतंत्र ओटा) हवं असेल तर आधी जमिनीवर खडूनं हे वर्तुळ काढून बघा. बऱ्याच घरांत बेटाचा विचार तिथेच संपतो.

दगड की आणखी काही

ग्रॅनाइट उष्णतेला दाद देत नाही आणि सुरीनं सहसा चरा पडत नाही. पण तो थोडाफार पाणी पितो. पाण्याचा थेंब टाकून 15 मिनिटं थांबा. खाली गडद डाग दिसला तर सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव) हवा. सीलर लावायची पद्धत सोपी आहे : ओटा स्वच्छ करून एक दिवस कोरडा ठेवायचा, सीलर पसरायचा, डब्यावर लिहिलेली मिनिटं मोजायची आणि उरलेला पुसून काढायचा. तो पुसायचा राहिला की वर धुरकट थर वाळतो आणि मग घासत बसावं लागतं. दगडानुसार हे काम एक ते तीन वर्षांनी पुन्हा येतं. ऐंशीव्या वर्षी हे कोण करणार, याचं उत्तर आजच तयार असेल तरच ग्रॅनाइट घ्या. काळा ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसून पाहा. कापड काळं झालं तर दगडाला रंग दिलेला आहे.

इंजिनिअर्ड क्वार्ट्झमध्ये वजनाच्या 90 टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी आणि उरलेला बहुतेक राळेचा (रेझिनचा) भाग. सीलर लागत नाही, डाग कमी पडतात, आणि म्हणून ज्येष्ठांच्या घरांत आम्ही तो बहुतेकदा सुचवतो. त्याची दुखरी जागा म्हणजे राळ. साधारण 150 अंशांच्या पुढे ती पिवळी पडते किंवा तडकते, आणि शेगडीवरून उतरवलेलं कोरडं भांडं सहज त्याहून तापलेलं असतं. हा डाग घासून जात नाही. भांडी टेकवायची सवय जुनी असेल तर शेगडीच्या दोन्ही बाजूंना 300 मिलिमीटरच्या स्टीलच्या पट्ट्या कायमच्या बसवा. सवय मोडण्यापेक्षा ते सोपं. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर क्वार्ट्झचा रंग काळानं बदलू शकतो. कटिंगबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो : हा दगड घरात कोरडा कापू देऊ नका. त्याची सिलिकायुक्त बारीक धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते; याच कारणासाठी ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असा दगड वापरण्यावर बंदी घातली. सगळं कटिंग कारखान्यात, पाण्याखाली व्हायला हवं.

संगमरवर टाळा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सांडलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट आम्लाशी अभिक्रिया करतो आणि पॉलिश उडून पांढुरका ठसा राहतो. हा डाग नव्हे, झीज आहे. सीलर तो थांबवू शकत नाही.

सॉलिड सरफेस म्हणजे अ‍ॅक्रिलिक राळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या एका संयुगाची भुकटी. दिसायला दगडाएवढा भारदस्त नाही, पण आमच्या मते या घरांसाठी त्याचा जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही. सांधे दिसत नाहीत, सिंकही त्याच मालाचं जोडता येतं, म्हणजे कडेला मळ साठायला फटच नाही. हाताला थंडगार लागत नाही. हातातून निसटलेला कप फुटायची शक्यता दगडापेक्षा कमी. चरे पडतात, पण बारीक सँडपेपरनं घासून काढता येतात. गरम भांड्याखाली स्टँड मात्र हवाच.

लॅमिनेट (बोर्डावर चिकटवलेला पातळ थर) हलकं आणि स्वस्त. ते मरतं ते सिंकच्या कापलेल्या कडेतून : पाणी आत शिरतं, बोर्ड फुगतो आणि मग दुरुस्ती नाही. कापलेली प्रत्येक कड सिंक बसवण्याआधी सील केली की नाही, हे स्वतः उभं राहून पाहा. सिंटर्ड (खनिजांची भुकटी दाबून, भाजून केलेला) किंवा पोर्सिलेन स्लॅब उष्णतेला आणि डागांना उत्तम, मात्र कडेला जड भांडं आपटलं तर टवका उडतो आणि तो नीट बुजत नाही.

डोळ्यांसाठी रंग, अंगासाठी कड

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. शिवाय भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे गडद निळा आणि काळा सारखेच दिसू लागतात. शोरूमच्या झगझगाटात ठरवलेला रंग घरी फसतो तो इथे.

आरशासारखं पॉलिश वरच्या दिव्याचं प्रतिबिंब थेट डोळ्यांत पाठवतं. मॅट किंवा होन्ड (घासून गुळगुळीत केलेलं, पण बिनचकाकीचं) फिनिश घ्या. गडद होन्डवर बोटांचे तेलकट ठसे दिसतात, तेव्हा मध्यम छटा बरी. लेदर फिनिश (चामड्यासारखं उंचसखल) हाताला छान लागतं, पण त्याच्या खळग्यांत कण बसतात. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर पांढरी गोळी दिसत नाही, आणि दाट ठिपक्यांच्या ओट्यावर चष्मा, सुरी आणि फुटलेल्या काचेचा तुकडा तिन्ही हरवतात. मोठे गडद शिरांचे पट्टे नजर कमजोर असलेल्याला सांडल्यासारखे किंवा खड्ड्यासारखे भासू शकतात. साधा, एकसारखा, मध्यम रंग आणि पुढची कड जरा वेगळ्या छटेची, म्हणजे ओटा कुठे संपतो ते कळतं आणि भांडं अर्धवट बाहेर ठेवलं जात नाही.

नमुना उभा धरून पाहू नका. 30 सेंटिमीटरचा तरी तुकडा घरी आणा, ओट्याच्या उंचीवर आडवा ठेवा आणि संध्याकाळी दिवा लावून बघा. त्यावर तेल, कॉफी आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवून सकाळी पुसा.

कडेचं मोल्डिंग अर्धगोल घ्या. टोकदार, काटकोनी कड वयानं पातळ झालेली त्वचा सोलते. बाहेरच्या कोपऱ्यांना निदान 25 मिलिमीटरची गोलाई, बेट असेल तर 50. कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्या, सांडलेलं पाणी कपाटावर ओघळण्याऐवजी तिथून खाली ठिबकतं.

दिवे, नळ, ट्रॉल्या

वरच्या कपाटांखालची एलईडी पट्टी मागच्या भिंतीला नव्हे, कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, धूसर झाकणासह लावा. नाहीतर स्वतःचीच सावली कामावर पडते. ओट्यावर 500 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड हवा. नळ एका लांब दांडीचा, मुठीनं किंवा मनगटानंही ढकलता येणारा. हँडल ‘डी’ आकाराचं, आत चार बोटं सहज जातील असं. गोल गोट्या संधिवाताच्या हाताला त्रास देतात. ओट्याखाली दारांची कपाटं न करता पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या करा, जड भांडी कमरेच्या उंचीच्या ट्रॉलीत. ओव्हन ओट्याच्या उंचीवर, दार शक्यतो बाजूला उघडणारं आणि लगेच खाली किंवा शेजारी भांडं टेकवायला जागा. डिशवॉशर 200 मिलिमीटर उचलून बसवला की वाकणं बरंच कमी होतं.

माप घेण्यापासून बसवण्यापर्यंत

दगड कापण्यासाठीचा ओट्याच्या नेमक्या आकाराचा साचा कपाटं पक्की बसून लेव्हल झाल्यावरच घेतात. 3 मीटरला 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. त्या दिवशी सिंक, नळ आणि हॉब प्रत्यक्ष जागेवर हवेत, कागदावरचं माप चालत नाही. त्यानंतर कपाट एक सेंटिमीटरही हलवलं तर साचा बाद.

20 मिलिमीटर ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला 54 किलोच्या आसपास. 3 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद तुकडा जवळजवळ 97 किलोंचा. तो वसाहतीच्या लिफ्टमध्ये मावतो का, जिन्यात वळतो का, हे साच्याआधी पाहू द्या, कारण त्यावर सांधा कुठे येणार ते ठरतं. सांधा सिंकच्या किंवा हॉबच्या भोकावर घेऊ नये. तिथे दगडाची पट्टी आधीच अरुंद असते आणि वाहतुकीतही तीच मोडते. भोकांचे आतले कोपरे गोलच हवेत. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि काही महिन्यांनी तिथून तिरकी चीर निघते. खालून बसवलेलं सिंक नुसत्या चिकट पदार्थावर लटकवू नका, पाण्यानं भरल्यावरचं वजन पेलायला ब्रॅकेट हवेत. 20 मिलिमीटर दगड आधाराशिवाय 200 मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे काढू नये.

वसाहतीच्या व्यवस्थापनाकडून तीन गोष्टी लेखी घ्या : कामाची परवानगी आणि वेळा, पाण्याच्या किंवा विजेच्या लाइनीत केलेल्या बदलाची देखभाल कोणाकडे, आणि घर परत करताना ओटा मूळ स्थितीत आणायचा आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर मूळ सिंक आणि नळ फेकू नका, जपून ठेवा.

बसवल्यावर सिलिकॉन वाळायला 24 तास द्या, तोवर सिंक कोरडं. दुसऱ्या दिवशी सांध्यावरून नख फिरवा, अडखळलं तर त्याच वेळी सांगा. मग सिंक काठोकाठ भरा, 15 मिनिटं थांबा, पाणी एकदम सोडा आणि खालच्या कपाटात कोरडा कागद ठेवून ओल येते का पाहा. सही त्यानंतर करा.