अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे आणि सर्फॅक्टंट

दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ पहिल्या काही तासांतच श्वासागणिक कण्हू लागते, तेव्हा त्याला दूध हवे असते किंवा थंडी वाजत असते असे समजून चालत नाही. श्वास सोडताना ते स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून घेते, म्हणजे छातीत थोडी हवा अडकून राहते. फटीतून निसटणाऱ्या हवेचा तो आवाज. फुप्फुसे मिटू नयेत म्हणून बाळाने स्वतःच केलेला हा उपाय आहे. जोडीला नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातात.

फुप्फुसे का मिटतात? वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, आतून ओले असतात आणि ओल्या पृष्ठभागाचा ताण त्यांना सतत आत ओढतो. ओली प्लास्टिकची पिशवी एकदा चिकटली की उघडताना जसा जोर लावावा लागतो, तसेच. लाप्लासच्या सूत्रानुसार आतला दाब पृष्ठताणाच्या दुप्पट भागिले त्रिज्या इतका हवा. ५० मायक्रॉन त्रिज्येच्या वायुकोशात निव्वळ पाण्याचा थर असेल, तर तो उघडा ठेवायला सुमारे २८ सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागेल. सर्फॅक्टंट, म्हणजे या ओल्या थरावर पसरणारा साबणासारखा स्निग्ध पदार्थ, हा ताण इतका खाली आणते की २ सेंटिमीटरही पुरतात. शिवाय वायुकोश आक्रसला की त्याचे रेणू अधिक दाटीने बसतात आणि ताण आणखी घटतो, त्यामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश पूर्ण मिटत नाहीत.

वायुकोशांच्या भिंतीतल्या टाइप-२ पेशी सर्फॅक्टंट बनवतात. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ, बाकी प्रथिने. साधारण २४ व्या आठवड्यापासून ते तयार होऊ लागते, पण पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच पूर्ण चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसांच्या पथ्यावरच पडतो.

दगावलेल्या बाळांच्या वायुकोशांत गुलाबी पापुद्रा दिसे आणि बरीच वर्षे तोच आजार मानला गेला. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की या फुप्फुसांत मुळात सर्फॅक्टंटचीच उणीव असते. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. तो सुमारे साडेचौतीस आठवड्यांचा होता. कारण कळले होते, औषध नव्हते. ते १९८० मध्ये जपानमधल्या फुजिवारा यांनी दिले: गाईच्या फुप्फुसातले सर्फॅक्टंट, दहा बाळांना, थेट श्वासनलिकेत.

आज बाळ स्वतः श्वास घेत असेल तर आधी सीपॅप लावतात. नाकातून ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याचा सततचा दाब मिळतो, म्हणजे कण्हून जे साधायचे ते यंत्र करते. नुसता ऑक्सिजन वाढवून मिटलेले वायुकोश उघडत नाहीत, उलट जादा ऑक्सिजनने डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो. म्हणून रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९० ते ९५ टक्क्यांत राखायची. सीपॅपवरही श्वासाच्या हवेत ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागू लागला की सर्फॅक्टंट द्यायचे, आणि ते लवकर.

डुकराच्या फुप्फुसातले सर्फॅक्टंट, पोरॅक्टंट, पहिल्या वेळी किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक किलोच्या बाळाला अडीच मिलिलिटर. कुपी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हळुवार उलटसुलट करायची. जोरात हलवली तर फेस होतो. पातळ नळीने, बाळ सीपॅपवर श्वास घेत असतानाच औषध हळूहळू सोडण्याची पद्धत आता जास्त पसंत केली जाते. नळी खोल गेली तर औषध बहुतेक उजव्याच फुप्फुसात जाते. बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर खरा धोका त्यानंतरच्या मिनिटांत असतो: फुप्फुसे एकदम सैल होतात, आणि दाब व ऑक्सिजन तत्काळ कमी केले नाहीत तर वायुकोश फुटून छातीत हवा साठते. त्या वेळी खाटेजवळून हलायचे नाही.

मात्र सगळ्यात मोलाचे इंजेक्शन बाळाला नव्हे, आईला दिले जाते. लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ मध्ये दाखवले की बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइड दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा स्नायूत देतात. पूर्ण परिणामाला सुमारे २४ तास लागतात, पण चारही डोस होणार नाहीत म्हणून पहिला टाळणे ही घोडचूक. मोठ्या रुग्णालयात पाठवायचे असेल तर तो पाठवण्याआधीच द्यायचा, ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना.

आईचा मधुमेह आटोक्यात नसेल तर सर्फॅक्टंट उशिरा तयार होते, हे गर्भारपणातच लक्षात ठेवायला हवे. आणि वैद्यकीय कारण नसताना मुहूर्त गाठण्यासाठी ३६-३७ व्या आठवड्यात सिझेरियन करून घेऊ नये. ३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबावे. कळांशिवाय काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातले पाणीही नीट ओसरलेले नसते.